शीवची हातभट्टी आणि दारूबंदीचा कायदा

मुंबई बेटाच्या उत्तर टोकाला, माहीमच्या खाडीलगत वसलेल्या शीव परिसरातील घरगुती मद्यनिर्मितीचा इतिहास हा बहुतांशी कायद्याचा इतिहास आहे. कारण मद्य कशाचे, कोठे आणि किती तीव्र करायचे, हे ठरवण्यात पिणाऱ्याच्या आवडीपेक्षा सरकारी महसूल आणि बंदी यांचा वाटा मोठा राहिला.

एकोणिसाव्या शतकात या भागातील जुने स्थानिक पेय माडी आणि ताडी हे होते. भंडारी समाजातील कारागीर माडावर चढून पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, छेदत आणि तिच्यातून पाझरणारा रस मडक्यात धरत. हा ताजा गोड रस म्हणजे नीरा, आणि तो नैसर्गिक यीस्टमुळे काही तासांत आंबला की माडी होई. बियरप्रमाणेच हे केवळ आंबवलेले, सौम्य पेय होते. मात्र बियरसाठी सातूला मोड आणून त्यातील पिष्टाची साखर करावी लागते, तर माडीत ती झाडच पुरवते. बियर बाटलीत टिकते, माडी मात्र लवकर आंबट होत असल्यामुळे तिचा व्यापार झाडांच्या आसपासच राहिला.

१८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने रस काढण्यास परवाना आणि झाडांवर कर यांची व्यवस्था घट्ट केली, तर १८९२च्या मोहडा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत दारू गाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोहाच्या फुलांच्या साठ्यावर व व्यापारावर निर्बंध आणले. १ ऑगस्ट १९३९ रोजी बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. पुढे १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमानंतर ६ एप्रिल १९५०पासून संपूर्ण राज्यात बंदी आली.

या बंदीत शीव कोळीवाडा, अँटॉप हिल आणि धारावी यांच्या भोवतीच्या दलदलीत व मिठागरांच्या कडेने हातभट्टी, म्हणजे बेकायदा ऊर्ध्वपातनाची चूल, फोफावली. काळा गूळ आणि नवसागर पाण्यात घालून पिंपात आंबवलेल्या मिश्रणास पोलिसांच्या भाषेत रसायन म्हणत. ते तापवून वाफ नळीतून थंड केली की दारू मिळे, आणि सुरुवातीला उतरणारा तीव्र भाग ‘पहिल्या धारेचा’ म्हणून महाग विकला जाई. बाटली सहज पकडली जाई, म्हणून माल रबरी ट्यूबमध्ये भरून नेत आणि गुत्त्यावर नवटाक किंवा पावशेराच्या मापाने विकत. या धंद्यावर टोळीप्रमुख वरदराजन मुदलियार याने उभारलेले वर्चस्व १९८०च्या दशकातील पोलीस कारवाईनंतर संपले.

सौम्य माडीची जागा तीव्र दारूने घेतली, ती लोकांची आवड बदलल्यामुळे नव्हे. लपवून न्यायचा माल जितका तीव्र, तितका तो कमी जागेत मावत असे. १९७३च्या देशी दारू नियमांनी परवानाधारक विक्रीला वाट मिळाली, तरी स्वस्त चोरट्या दारूचे आकर्षण उरलेच, आणि जून २०१५मध्ये मुंबईतील मालवणी वस्तीत मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक जणांचा बळी घेतला. १९४९चा अधिनियम आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू असून परवान्याविना मद्य तयार करणे हा त्याखाली गुन्हा आहे. त्यामुळे हौसेने घरी बियर करून बाटलीत भरणारा आणि खाडीकाठी गुळाचे रसायन लावणारा हे दोघे कायद्याच्या दृष्टीने एकाच पंक्तीत बसतात.