टपालाने आलेली संत्र्याची पेटी

मागच्या व्याख्यानात आपण पाहिलं, की अमेरिकेत रेल्वे आली आणि शेतमाल हजारो मैल लांब जाऊ लागला. आज त्या लांबच्या बाजाराची दुसरी बाजू बघू.

1890 च्या सुमाराचा कॅलिफोर्नियातला संत्रा बागायतदार घ्या. त्याचा माल आडत्याच्या भरवशावर पूर्वेकडच्या शहरांत जायचा. भाव काय मिळाला, हे माल विकला गेल्यावरच कळायचं. भाडं, अडत, नासाडी वजा केली की कधी कधी पैसे येण्याऐवजी बिलच यायचं. आपल्याकडे शेतकरी ज्याला उलटी पट्टी म्हणतात, तीच ही.

यावर एक उत्तर सहकाराचं होतं. 1893 मध्ये तिथल्या बागायतदारांनी संघ उभा केला आणि पुढे 1908 मध्ये 'सनकिस्ट' हे नाव बाजारात आणलं. त्यांनी टपालाचाही मजेदार वापर केला. फळांवरचे कागद जमवून थोड्या पैशांबरोबर पाठवले, की गिऱ्हाइकाला घरपोच चमचा मिळायचा. पण चमचा टपालाने आणि संत्रं दुकानातूनच! एकेकट्या बागायतदाराला गिऱ्हाईक कोण हे कळत नव्हतंच.

ते कळण्याची सोय सरकारी टपालाने केली. 1 जानेवारी 1913 ला पार्सल पोस्ट सुरू झालं. सुरुवातीला वजनाची मर्यादा 11 पौंड, म्हणजे जेमतेम पाच किलो. ती लवकरच वाढली. 1914 मध्ये तर टपाल खात्याने स्वतःच माल विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांची नावं गोळा केली, याद्या छापल्या आणि शहरांत वाटल्या. एका अर्थाने शेतमालाचा कॅटलॉगच तो, आणि छापणारं कोण, तर पोस्ट! योजना मात्र टिकली नाही. अंडी-भाजी रोज लागते, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. त्यासाठी पत्र लिहून वाट कोण बघणार?

मग संत्र्याचं कसं चाललं? आम्हाला वाटतं, ते रोजचं फळ म्हणून विकलंच गेलं नाही. ते भेट म्हणून विकलं गेलं. थंडीत उत्तरेकडचे लोक फ्लोरिडाला यायचे, बागेत फळ चाखायचे आणि बर्फात बसलेल्या बहिणीला, साहेबाला एक पेटी पाठवून द्यायचे. बागायतदाराच्या वहीत दोन पत्ते यायचे: पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. पुढच्या वर्षी कॅटलॉग दोघांनाही. भेट दिलेल्या पेटीचा भाव कुणी बाजारभावाशी ताडून बघत नाही, हे त्यांना चांगलंच उमगलं होतं. ऑरेगॉनमधल्या हॅरी आणि डेव्हिड होम्स या भावांनी 1930 च्या दशकात मंदीतसुद्धा महागडे नाशपाती विकले, तेही याच जोरावर.

कॅटलॉगचं अर्धं काम शब्दांचं. मिनिओला हे ग्रेपफ्रूट आणि टँजरिनच्या संकरातून आलेलं फळ; देठाकडे घंटेसारखं निमुळतं, म्हणून कॅटलॉगात 'हनीबेल'. त्याचा मुख्य हंगाम जानेवारीतला, थोडक्या दिवसांचा. दुकानदाराला हे गैरसोयीचं. कॅटलॉगवाल्याने तेच उलटं फिरवलं: आत्ता नोंदवा, नाहीतर संपेल. पैसे फळ झाडावर असतानाच हातात! देवगडची पेटी आगाऊ नोंदवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

नावाला भाव आला की नावाची चोरीही आली. फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या 'इंडियन रिव्हर' पट्ट्यातलं फळ रसाळ म्हणून गाजलं, तेव्हा भलतीकडचे लोकही पेट्यांवर तेच नाव छापू लागले. 1930 मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने ते थांबवलं. पुढच्याच वर्षी तिथल्या बागायतदारांनी आपली संघटना केली.

पण पत्त्यांची वही कितीही जाड झाली, तरी फळ झाडालाच लागतं. टेक्सासच्या रिओ ग्रांदे खोऱ्यात 1929 मध्ये लाल गराचं 'रूबी रेड' ग्रेपफ्रूट सापडलं आणि कॅटलॉगांत झळकलं. 1983 आणि 1989 च्या डिसेंबरमध्ये कडाक्याच्या थंडीने तिथल्या बागा उद्ध्वस्त झाल्या. तारखा बघा, नाताळाच्या ऐन तोंडावर. फ्लोरिडात 2005 मध्ये ग्रीनिंग रोग आढळला. सायला किडीमार्फत पसरणारा हा रोग विदर्भातल्या बागायतदारांनाही माहीत आहे. 2003-04 मध्ये फ्लोरिडात संत्र्याच्या सुमारे 24 कोटी पेट्या निघाल्या होत्या. 2022-23 मध्ये दोन कोटीही नाहीत.

आता गंमत म्हणा की दुर्दैव, कॅटलॉग चालूच राहिले. संत्र्यांच्या जोडीला केक आले, चॉकलेट आलं. बाग गेली तरी पत्त्यांची यादी विकता येते, आणि ती विकली-घेतली गेलीसुद्धा. शरद ऋतूत घरी येणाऱ्या मागणीपत्रावर गेल्या वर्षी तुम्ही कुणाकुणाला पेटी पाठवली होती त्यांची नावं आधीच छापलेली असतात. फक्त खूण करायची.