व्यवहारातले इंग्रजी आणि परीक्षेचा कागद

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हा त्याच्यापुढे आदर्श होता तो लंडन विद्यापीठाचा. १८३६ साली सनद मिळालेले ते विद्यापीठ त्या काळी स्वतः शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. अध्यापन महाविद्यालयांनी करावे व पारख विद्यापीठाने करावी, ही विभागणी आपल्याकडेही आली. वाणिज्य शाखेतील संवादकौशल्याची परीक्षा मुख्यतः कागदावरच का राहिली, याचे मूळ आम्हांला या विभागणीत दिसते. दूरच्या परीक्षकाकडे उत्तरपत्रिका पाठवता येत असे, विद्यार्थ्याचे बोलणे नव्हे.

१९१३ साली मुंबईत सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय निघाले. पेढ्यांचा आणि कचेऱ्यांचा बराचसा व्यवहार तेव्हा पत्रांतून चाले. लेखी परीक्षा त्या गरजेशी पुष्कळशी जुळणारी होती. पुढे अभ्यासक्रमात 'बिझनेस कम्युनिकेशन' आले, त्यात मुलाखत आली, गटचर्चा आली. परीक्षेची रीत मात्र फारशी हलली नाही. मुलाखत कशी द्यावी, यावर टीप लिहायची आणि गुण मिळवायचे!

याची झळ जव्हार-मोखाड्यासारख्या भागात अधिक लागते. १९४८ साली विलीन झालेल्या या संस्थानी गावात आज वाणिज्य शाखेचे महाविद्यालय आहे. इथल्या अनेक मुलांच्या घरी वारली किंवा कोकणा बोली, शाळेत मराठी. इंग्रजी ही त्यांची तिसरी भाषा. समोरचा माणूस पाहून बोली बदलण्याचे कौशल्य त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. त्याला परीक्षेत स्थान नाही. संवादातील अडथळ्यांची पाठ केलेली यादी मात्र गुण देऊन जाते. ज्याला उत्तीर्ण म्हटले, त्याला बँकेतल्या मुलाखतीत दोन वाक्ये बोलता येतील, याची हमी ती गुणपत्रिका देऊ शकत नाही.

लेखी परीक्षेची बाजूही न्याय्य आहे. आसनक्रमांकामागे जात, गाव, उच्चार झाकले जातात. तोंडी परीक्षेत ते उघडे पडतात. म्हणून लेखी परीक्षा मोडीत काढा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु विज्ञान शाखेची प्रात्यक्षिके बाहेरचा परीक्षक प्रयोगशाळेत येऊन, डोळ्यांदेखत तपासतो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तसाच एक परीक्षक जव्हारला यावा, ठरलेल्या निकषांचा तक्ता हाती घेऊन त्याने दहा मिनिटे ऐकावे: मालाबद्दलची तक्रार, खाते उघडण्याची चौकशी, कामाची मुलाखत. उच्चाराला नव्हे, अर्थ पोचण्याला गुण द्यावेत. रसायनाच्या द्रावणासाठी जी तसदी विद्यापीठ घेत आले, ती माणसाच्या बोलण्यासाठी घेणे अवघड नसावे.