पिकअप पुढून खाली घेतली की टायर का खाते?

पुढचा टायर बाहेरून चांगला दिसतोय, पण हात आत घालून पाहिलं तर आतली कड गुळगुळीत. स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी एका बाजूला ओढते. जुनी पिकअप पुढून खाली घेतल्यावर साधारण महिना-दोन महिन्यांत ही तक्रार सुरू होते.

अहिल्यानगर जिल्ह्यात हौसेने पिकअप खाली घेणारे तसे कमीच. पण कांदा, दूध, खत वाहून दहा-पंधरा वर्षं झालेली गाडी आपोआपही ‘बसते’. पाटे थकतात, स्प्रिंग दबते. मुद्दाम उतरवा किंवा वयाने बसू द्या, पुढच्या चाकांच्या बाबतीत परिणाम सारखाच असतो. उंची बदलली की कोन बदलतात.

हे कोन तीन. चाक समोरून पाहिल्यावर आत किंवा बाहेर किती झुकलंय, तो कॅम्बर. चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष बाजूने पाहिल्यावर मागे किती कललाय, तो कास्टर. आणि दोन्ही चाकांची तोंडं वरून पाहिल्यावर एकमेकांकडे वळलीत की बाहेर, तो टो.

टायर सगळ्यात लवकर खातो तो टो. समजा दोन्ही चाकं मिळून टो फक्त १ अंशाने चुकलाय, म्हणजे प्रत्येक चाक अर्धा अंश. अशा वेळी दर किलोमीटरला टायर साधारण पावणेनऊ मीटर आडवा घासला जातो. नगरहून पुण्याला, म्हणजे सुमारे १२० किलोमीटर गेलात, तर टायर जवळपास एक किलोमीटर आडवा फरफटत गेला. नवा टायर इतक्या लवकर का संपला, याचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं.

आधी गाडीखाली वाकून बघा

पुढे पाटे आहेत की स्वतंत्र सस्पेन्शन, यावर पुढचं सगळं ठरतं.

पुढे पाटे आणि अखंड ॲक्सल असेल तर एक पाटा काढल्याने कॅम्बर बदलत नाही, कारण दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसलेली असतात. टोही फारसा हलत नाही. बदलतो तो कास्टर, आणि स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणाऱ्या रॉडचा कोन. म्हणून गाडी सरळ चालते, पण स्टेअरिंग व्हील वाकडं दिसतं. कास्टर दुरुस्त करायला पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये पाचरीसारखी पट्टी घालतात.

स्वतंत्र सस्पेन्शन असेल, म्हणजे वर-खाली दोन आर्म आणि कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार, तर गोष्ट वेगळी. टॉर्शन बारचा बोल्ट सैल केला की गाडी पाच मिनिटांत खाली येते, आणि हीच सोय महागात पडते. आर्मचा कोन बदलतो, चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि टायरची आतली कड जायला लागते. टाय रॉडही वेगळ्या कोनात जातो, त्यामुळे टो बिघडतो. तो कोन फार बदलला असेल तर प्रत्येक खड्ड्यात चाक थोडं वळतं. नगर-मनमाड रस्त्यावरून नेहमी जाणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

कास्टरचा हिशेब सोपा आहे. व्हीलबेस ३ मीटर धरला आणि गाडी फक्त पुढून ५ सेंटिमीटर खाली घेतली, तर चेसिस जवळपास १ अंश पुढे झुकते. तेवढाच कास्टर कमी होतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, वेगात गाडी भरकटल्यासारखी वाटते.

अलाइनमेंटचा क्रम

गाडी थेट मशीनवर चढवू नका. आधी उंची पक्की करा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. डावी-उजवीत फरक असेल तर तो आधी काढा. मग बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, किंगपिन, व्हील बेअरिंग यांत खेळ आहे का ते तपासा. जुन्या गाडीत ही पायरी गाळली तर मशीनवरचे आकडे संध्याकाळपर्यंतही टिकत नाहीत. आर्मचे रबरी बुश सैल करून गाडी जमिनीवर, नव्या उंचीला असताना पुन्हा आवळावेत. नाहीतर ते पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतात.

त्यानंतर हवा बरोबर भरून कास्टर आणि कॅम्बर, आणि सगळ्यात शेवटी टो. कारण पहिले दोन हलवले की टो पुन्हा बदलतो. टो करताना स्टेअरिंग सरळ बांधून ठेवायला सांगा. आकडे गाडीच्या मॅन्युअलमधले घ्यावेत. शिम किंवा बोल्टची मर्यादा संपूनही कॅम्बर जागेवर येत नसेल, तर गाडी जास्तच खाली घेतलीय. ती थोडी वर घ्यावी लागेल.

टो घरीही ढोबळमानाने तपासता येतो. चाक जॅकवर उचलून फिरवा आणि टायरवर खडूने गोल रेघ मारा. दोन्ही चाकं झाली की गाडी खाली घेऊन चार-पाच मीटर पुढे ढकला. मग ॲक्सलच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं कमी भरलं तर टो-इन, जास्त भरलं तर टो-आउट.

ब्रेक, हेडलाइट आणि आरटीओ

काही पिकअपना मागच्या ॲक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. मागची उंची पाहून तो ब्रेकचा जोर ठरवतो. गाडी मागूनही खाली घेतली तर व्हॉल्व्हला वाटतं माल भरलाय, आणि रिकाम्या गाडीची मागची चाकं लॉक होऊ शकतात. करंजी घाटात ओल्या रस्त्यावर हे कळण्यापेक्षा गॅरेजमध्ये कळलेलं बरं. स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का, ब्रेकचा होज ताणला जातो का, तेही बघा. हेडलाइटचा झोतही पुन्हा लावावा लागतो.

आता कायदा. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अलाइनमेंट कितीही अचूक असली तरी त्याने बदल कायदेशीर ठरत नाही. एमएच-१६ असो वा एमएच-१७, पासिंगच्या आधी हे लक्षात घ्या. थकलेले पाटे बदलून मूळ उंची परत आणली, तर हा प्रश्नच येत नाही.

फक्त तेव्हाही अलाइनमेंट लागतेच. नवे पाटे किंवा स्प्रिंग पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतात. म्हणून साधारण १,००० किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजा, आणि पहिल्या वेळची प्रिंट सोबत घेऊन टो पुन्हा तपासून घ्या.