महाभाष्यांतील बोलणारे

पतंजलीचें व्याकरणमहाभाष्य म्हणजे एक लांबलेला वाद आहे. पाणिनीच्या सूत्रावर कोणी शंका घेतो, दुसरा तिचें निरसन करितो, तें तिसऱ्यास पटत नाहीं. मग ‘अथवा’ म्हणून नवी वाट निघते, तिलाही फांदी फुटते, आणि दोन-चार पानांनंतर मूळ शंका कोणती होती याचाच विसर पडतो. अशीं ८५ आह्निकें आहेत. गुरुमुखानें शिकणाऱ्यास ही अडचण नव्हती. पूर्वपक्ष कोठें संपला, एकदेशीचें समाधान कोणतें व सिद्धान्त्याचें कोणतें, हें शास्त्रीबुवांच्या आवाजावरूनच त्यास उमगे. पोथीस मात्र आवाज नसतो. तींत अक्षरें सलग चालतात; बोलणारा कोण तें कळत नाहीं.

कैयटानें ‘प्रदीप’ लिहिला. काशीस राहिलेल्या आपल्या नागेशभट्ट काळ्यांनीं त्यावर ‘उद्द्योत’ रचिला. उजेड पडला खरा. पण टीकेवर टीका चढली म्हणजे वाटाही वाढतात, हें व्याकरण शिकलेल्यांस सांगावयास नको.

या गर्दींत खरा अन्याय झाला तो कात्यायनावर. त्याचीं वार्तिकें स्वतंत्र ग्रंथरूपानें आपणांस लाभलेलीं नाहींत. तीं भाष्याच्या पोटांतच आहेत. तेव्हां वाक्य कोणाचें हें ठरल्यावांचून मत कोणाचें हें ठरत नाहीं. गोल्डस्ट्यूकरनें तर १८६१ सालीं कात्यायन हा पाणिनीचा प्रतिपक्षी, असा निकालच देऊन टाकिला.

१८६६ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृत शिकविणारे फ्रान्झ कीलहॉर्न यांनीं एक साधी खूण हातीं धरिली. भाष्यांत पुष्कळदां एक आंखूड वाक्य येतें, व लगेच तेंच कांहीं पदें वाढवून पुन्हां म्हटलेलें असतें. वरवर पाहतां ही पुनरुक्ति वाटते. वस्तुतः पहिलें वाक्य वार्तिक, व दुसरें पतंजलीनें केलेला त्याचा उलगडा होय. भाष्य वार्तिकांचें विवरण करितें हें परंपरेस ठाऊकच होतें. पण ती खूण ग्रंथभर लावून पाहण्याचे कष्ट या जर्मन पंडितानें घेतले. १८७६ सालच्या निबंधांत त्यांनीं दाखविलें कीं, शंका कात्यायनाची असते तसें पुष्कळ ठिकाणीं तिचें उत्तरही त्याचेंच असतें. ज्यास वैरी मानिलें तो चिकित्सक अभ्यासक ठरला!

पुढें मुंबई संस्कृतमालेंत १८८० ते १८८५ या काळांत भाष्याचे तीन खंड त्यांनीं छापिले. त्यांत वार्तिकें निराळीं काढून त्यांस अनुक्रमांक दिले आहेत. आजही भाष्यांतील स्थळ दाखवावयाचें तर खंड, पृष्ठ व ओळ बहुधा कीलहॉर्नप्रतीचीच देतात. काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनीं तपासलेली तिची तिसरी आवृत्ति भांडारकर संस्थेनें १९६२ ते १९७२ या काळांत काढिली.

तथापि आमच्या मतें कीलहॉर्न एक पाऊल अलीकडेच थांबले. खुद्द भाष्यांतील शंकाकार व समाधानकार त्यांनीं निरनिराळे दाखविले नाहींत. कदाचित् तेंच शहाणपणाचें असेल. एकदेशीचें वाक्य सिद्धान्त्याच्या नांवावर एकदां छापलें गेलें कीं तें पुसणें कठीण. वाचकास मात्र स्वतःच्या प्रतीवर अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचें मराठी भाषांतर शेजारीं उघडून आम्हीं पस्पशाह्निक वाचलें, आणि समासांत पेन्सिलीनें ‘शं’ व ‘स’ लिहीत गेलों. कांहीं ठिकाणीं दोन्ही अक्षरें खोडून पुन्हां लिहावीं लागलीं, आणि दोन ठिकाणीं समास अजून कोराच आहे.