राजापूरची भरपाई व परमुलखांतील तडजोडीचा अंमल

दोन राज्यांच्या लोकांत व्यापाराचा तंटा पडून सलोख्यानें मिटला, तरी तो सलोखा अंमलांत आणावा कोणीं? राजापूरच्या वखारीचें प्रकरण आम्ही येथें याच एका दृष्टीनें पाहतों.

स्वराज्यांतील वादांत ही अडचण नसे. वादी-प्रतिवादी आधीं राजीनामे व जामीनकतबे देत आणि हरलेला पक्ष येजितखत लिहून देई. गोताचा निवाडा न मानणाऱ्यास सरकारचा धाक असे. याज्ञवल्क्यहि कुल, श्रेणी व पूग यांच्यावर राजनियुक्त अधिकारी ठेवितो, तें याचसाठीं.

इंग्रजांनीं १६६० त पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरास तोफांची मदत केली. म्हणून १६६१ त शिवाजी महाराजांनीं त्यांची राजापूरची वखार लुटली. भरपाईचें बोलणें वर्षानुवर्षें चाललें. अखेर १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगीं हेन्री ऑक्झेंडेन रायगडीं आला व निराजीपंतांच्या द्वारें दहा हजार होन ठरले. निराजीपंत महाराजांचेच न्यायाधीश. त्यांस तटस्थ मध्यस्थ म्हणतां येणार नाहीं. परंतु ठरावाची रचना मार्मिक आहे. इंग्रजांनीं तीन वर्षें दरसाल पांच हजार होनांचा माल घेऊन निम्मीच किंमत द्यावी व बाकीचे अडीच हजार राजापूरच्या जकातींत वजा करावे. दोहोंवर न्यायासन नव्हतें. म्हणून वसुली व्यवहारांतच गोंविली. तथापि माल देणें महाराजांच्या अंमलदारांच्या हातीं राहिलें, आणि १६८० पर्यंत भरपाई पुरी झाली नाहीं.

ही उणीव फार काळ टिकली. लवादाच्या निवाड्यांस १९५८ च्या न्यूयॉर्क करारानें परदेशीं मान्यता दिली. मध्यस्थीनें झालेली तडजोड मात्र साधा करारच राहिली. ती मोडल्यास परक्या न्यायालयांत नवा दावा लावावा लागे. संयुक्त राष्ट्रांनीं २०१८ त मंजूर केलेल्या सिंगापूर करारावर ७ ऑगस्ट २०१९ रोजीं भारतासह ४६ राष्ट्रांनीं सह्या केल्या व तो १२ सप्टेंबर २०२० पासून अंमलांत आला. पक्षकारांच्या सह्यांचा कागद व मध्यस्थी झाल्याचा पुरावा दाखविल्यास करार स्वीकारलेल्या राष्ट्रांत थेट अंमल मागतां येतो. नकाराचीं कारणें ठरीव आहेत. सही मात्र पुरेशी नव्हे, अनुसमर्थनहि लागतें. भारताचा २०२३ चा मध्यस्थता कायदा तर भारतांत झालेल्या मध्यस्थीपुरताच आहे.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, फिरंगी, इंग्रज वा हबशी यांच्याशीं झालेल्या तडजोडीचे कागद दप्तरांत आढळल्यास केवळ रकमेवर दृष्टि ठेवूं नये. शेवटच्या ओळींतील जामीन, मुदत व जकातींतील वजावट यांचीहि नक्कल घ्यावी. तडजोडीचें बळ तेथेंच कळतें.