दुखणं डिस्कचं, खर्च रॅमवर

जुना डेस्कटॉप रखडायला लागला की ओळखीतला कोणीही एकच सल्ला देतो: रॅम वाढवून घ्या. या सल्ल्यामागचा अनुभव खोटा नाही. २५६ एमबीवर विंडोज एक्सपी चालवणाऱ्यांनी आणखी तेवढीच रॅम टाकल्यावर पडलेला फरक डोळ्यांनी पाहिलेला आहे. पण त्यावरून ‘रॅम जितकी जास्त तितका वेग जास्त’ असा जो नियम रूढ झाला, तो टिकणारा नाही.

संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ सालीच याची उकल केली होती. कोणताही प्रोग्रॅम एका वेळी आपल्या सगळ्या मेमरीला हात लावत नाही. ठरावीक भागच पुन्हा पुन्हा वापरतो. या भागाला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटलं. चालू प्रोग्रॅमचे हे सेट रॅममध्ये मावले नाहीत, तर मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकण्यात आणि परत आणण्यातच मशीनचा वेळ जातो. अशा वेळी वाढीव रॅमने खरोखर जीव येतो. मात्र एकदा ते मावले, की पुढच्या जीबींना करण्यासारखं फारसं काम उरत नाही. प्रोसेसर पूर्वीच्याच गतीने चालतो.

मग पुरेशी रॅम असूनही मशीन सुरू झाल्यावर पाच-पाच मिनिटं का अडतं? कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि मेमरी जेमतेम निम्मी भरलेली दिसते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. हेड त्या ट्रॅकपर्यंत न्यायला आणखी आठ-नऊ. म्हणजे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला सत्तर-ऐंशीच हाती लागतात. साध्या साटा एसएसडीला एका तुकड्यासाठी मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. हे अंतर रॅमची स्टिक भरून काढू शकत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: रिकामी रॅम वाया जात नाही, विंडोज तिथे वाचलेल्या फाइली साठवून ठेवतं. खरं आहे, दिवसभर मशीन चालू ठेवून त्याच फाइली उघडणाऱ्याला याचा फायदा होतोही. पण मशीन बंद केलं की हा साठा पुसला जातो. दुसऱ्या दिवशी पहिलं वाचन पुन्हा डिस्कवरूनच, आणि तक्रार तर नेमकी त्याच वेळेची असते.

रॅम वाढवल्याने निदान नुकसान तरी होत नाही, हेही सरसकट म्हणता येत नाही. इंटेलच्या १९९७ च्या ४३०टीएक्स चिपसेटवर २५६ एमबी रॅम बसायची, पण कॅशची, म्हणजे प्रोसेसरसाठीच्या छोट्या वेगवान मेमरीची सोय पहिल्या ६४ एमबीपुरतीच होती. विंडोज ९५ मेमरी वरच्या टोकाकडून घेई. त्यामुळे ६४ च्या पुढे रॅम टाकली, की खुद्द विंडोजच कॅशविना चालू लागे आणि मशीन मंदावे. आजही ३२-बिट विंडोज १० असलेल्या मशीनमध्ये ८ जीबी भरली, तर ४ जीबीच्या वरची नुसती पडून राहते.

म्हणून खरेदीआधी रोजचे सगळे प्रोग्रॅम उघडा आणि ते स्थिरावल्यावर रिसोर्स मॉनिटरमधला मेमरीचा टॅब पाहा. मेमरी काठोकाठ भरलेली असेल आणि ‘हार्ड फॉल्ट्स’चा आलेख खाली येतच नसेल, तर रॅम जरूर घ्या. आलेख शांत असूनही डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असेल, तर तेच पैसे एसएसडीवर घाला.