पाणबुड्यांचे प्रशिक्षण, सार्वजनिक सुरक्षेसाठी
नदी, तलाव, विहीर, कालवा, बंदर इ. ठिकाणी बुडालेल्या व्यक्तींची सुटका करणे, मृतदेह व वाहने वर काढणे आणि गुन्ह्यासंबंधीचा पुरावा पाण्याखालून मिळविणे या कामांसाठी पोलीस, अग्निशमन व तत्सम सेवांतील पाणबुड्यांना द्यावयाचे शिक्षण. हे शिक्षण देणाऱ्या प्रशिक्षकाची पात्रता कोणती असावी व ती कोणी प्रमाणित करावी, यासंबंधीचे नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू आकारास आले. नौदल, व्यापारी कामे व क्रीडा या क्षेत्रांतील बुडीची मानके त्यापूर्वीच तयार झाली होती. सार्वजनिक सुरक्षेची बुडी या तिन्हींकडून काही ना काही घेत वाढली. परंतु तिची गरज या तिन्हींहून निराळी आहे, हे ध्यानात येण्यास बराच काळ लागला.

पूर्वपीठिका : ऑगस्टस सीब यांनी १८३७ च्या सुमारास शिरस्त्राणाला जोडलेला बंद पोशाख तयार केला व त्यामुळे पाण्याखाली दीर्घकाळ काम करणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये स्पिटहेड येथे १७८२ मध्ये बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष हटविण्याचे काम १८३९ पासून कर्नल चार्ल्स पॅस्ली यांच्या नेतृत्वाखाली रॉयल एंजिनिअर्सच्या सैनिकांनी केले. या कामाच्या अनुभवातूनच १८४३ मध्ये ब्रिटिश नौदलाने पाणबुड्यांचे पहिले विद्यालय सुरू केले, असे मानले जाते.

सुमारे १० मी. खोलीवर पाणबुड्यावरील एकूण दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो. या दाबाखाली शरीरात विरघळलेला नायट्रोजन पाणबुड्या झपाट्याने वर आल्यास बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि सांधेदुखी, पक्षाघात वा मृत्यूही ओढवतो, हे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवून दिले. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बॉयकॉट व डॅमंट यांच्यासमवेत शेळ्यांवर व माणसांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. या कोष्टकांमुळे बुडीच्या शिक्षणाचे स्वरूप पालटले. केवळ धाडस व पोहण्यातील तरबेजपणा पुरेसा नसून भौतिकी व शरीरक्रियाविज्ञान जाणणारा शिक्षक आवश्यक आहे, हे स्पष्ट झाले. होनोलूलूजवळ १९१५ मध्ये सु. ९२ मी. खोलीवर बुडालेली ‘एफ-४’ ही अमेरिकन पाणबुडी वर काढण्याच्या कामाने या विद्येचे महत्त्व अमेरिकेतही पटले.

क्रीडाबुडी व प्रशिक्षकांचे प्रमाणन : फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कूस्तो व एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये श्वासागणिक मागणीप्रमाणे हवा पुरविणारे ‘ॲक्वालंग’ हे उपकरण तयार केले. युद्धानंतर ते बाजारात आले आणि कोणतेही शिक्षण न घेता कोणीही ते विकत घेऊन पाण्यात उतरू लागला. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स सागरविज्ञान संस्थेत १९५१ मध्ये वैज्ञानिक पाणबुड्यांसाठी शिक्षणक्रम सुरू झाला. तेथे शिक्षण घेऊन आलेल्या मंडळींनी १९५४ मध्ये लॉस अँजेल्स परगण्यात सर्वसामान्य नागरिकांसाठी उपक्रम आखला. पाणबुड्याबरोबरच त्याच्या शिक्षकालाही परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागेल, ही कल्पना येथे रुजली. १९६० मध्ये ह्यूस्टन येथे ‘नॅशनल असोसिएशन ऑफ अंडरवॉटर इन्स्ट्रक्टर्स’ या संस्थेने प्रशिक्षकांचा शिक्षणक्रम घेतला. ‘प्रोफेशनल असोसिएशन ऑफ डायव्हिंग इन्स्ट्रक्टर्स’ ही संस्था १९६६ मध्ये निघाली. पुढे आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने २००७ मध्ये क्रमांक २४८०२ हे प्रशिक्षकांविषयीचे मानक प्रसिद्ध केले. मात्र ते मनोरंजनार्थ बुडीपुरतेच आहे.

कामाचे वेगळेपण : क्रीडाबुडीचे शिक्षण स्वच्छ पाणी, सोबती आणि ‘धोका वाटल्यास बुडी रद्द करा’ हा नियम यांवर आधारलेले आहे. पोलीस वा अग्निशमन पथकाच्या पाणबुड्याला यांपैकी पहिल्या दोन गोष्टी क्वचितच लाभतात व तिसरी पाळणे त्याला जड जाते. काठावर बुडालेल्याचे नातलग उभे असतात, काळोख पडत असतो आणि पाण्याखाली हातभर अंतरावरचेही दिसत नाही. शोध डोळ्यांनी नव्हे, तर हाताने चाचपून घ्यावा लागतो. तारा, जाळी, झाडांच्या फांद्या यांत अडकण्याची भीती असते. सांडपाणी, रसायने व इंधन यांमुळे पाणी दूषित असते.

या परिस्थितीतून स्वतंत्र कार्यपद्धती निर्माण झाली. पाणबुड्याच्या अंगावरील पट्ट्याला दोरी बांधलेली असते व तिचे दुसरे टोक काठावरील दोरीवाल्याच्या हाती असते. शोधाची दिशा तोच ठरवितो व ठरलेल्या झटक्यांच्या खुणांनी वा संदेशयंत्राने पाणबुड्याशी संपर्क ठेवतो. दुसरा पाणबुड्या साहित्य चढवून तत्काळ उतरण्याच्या तयारीत असतो. संपूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा, पाणी आत न शिरणारा पोशाख व हवेची राखीव टाकी यांचा वापर होतो. अर्थात पथकातील सर्वांत महत्त्वाचे शिक्षण कित्येकदा पाण्याबाहेरील दोरीवाल्याचे असते.

सुटका आणि शोध यांतील भेद हाही शिक्षणाचा गाभा आहे. अतिशय थंड पाण्यात, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत, शरीराची ऑक्सिजनची गरज घटते. अमेरिकेतील युटा राज्यात १९८६ मध्ये ६६ मिनिटे पाण्याखाली राहिलेली अडीच वर्षांची मुलगी वाचल्याची वैद्यकीय नोंद आहे. म्हणून अनेक पथके पहिला सुमारे एक तास सुटकेचा मानतात. त्यानंतर मात्र मृतदेहासाठी जिवंत माणसाचा जीव पणाला लावावयाचा नसतो. हा निर्णय शोकाकुल जमावासमोर घेण्याची मानसिक तयारी करून देणे हे प्रशिक्षकाचे काम होय.

कायदा व मानके : अमेरिकेत व्यापारी बुडीसंबंधीचे संघीय सुरक्षा नियम १९७७ मध्ये लागू झाले. शासकीय यंत्रणेच्या नियंत्रणाखाली केवळ शोध, सुटका वा सार्वजनिक सुरक्षा यांसाठी होणारी बुडी त्यांतून वगळण्यात आली. आणीबाणीत नियमांची अडचण होऊ नये, हा त्यामागील हेतू समजण्याजोगा आहे. परंतु त्यामुळे सर्वांत धोक्याच्या पाण्यात उतरणारा कर्मचारी त्या नियमांच्या संरक्षणाबाहेर राहिला आणि मानके ठरविण्याचे काम खाजगी व ऐच्छिक संस्थांकडे आले. त्याच वर्षी कोलोरॅडोमधील फोर्ट कॉलिन्स येथे ‘डाइव्ह रेस्क्यू इंटरनॅशनल’ ही केवळ या क्षेत्राला वाहिलेली प्रशिक्षणसंस्था स्थापन झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघाने १९९९ मध्ये क्रमांक १६७० चे मानक काढून पथकाच्या क्षमतेचे जाणीव, कार्यवाही व तंत्रज्ञ असे तीन स्तर ठरविले. २०२२ मध्ये ते क्रमांक २५०० च्या मानकात समाविष्ट झाले. व्यक्तीच्या पात्रतेसाठी क्रमांक १००६ चे निराळे मानक आहे.

ब्रिटनने दुसरा मार्ग स्वीकारला. तेथील १९८१ चे व त्यांच्या जागी आलेले १९९७ चे नियम कामानिमित्त होणाऱ्या बुडीला लागू होतात व पोलीस पाणबुडेही त्यांच्या कक्षेत येतात. मान्यताप्राप्त पात्रता आणि जास्तीत जास्त बारा महिने चालणारे वैद्यकीय प्रमाणपत्र यांवाचून पाणबुड्याला पाण्यात उतरता येत नाही.

प्रशिक्षकाची पात्रता : प्रशिक्षणसंस्थांच्या अटींत तपशिलाचा फरक असला, तरी सर्वसाधारण आराखडा सारखा आहे. उमेदवाराला आधी पाणबुड्या म्हणून प्रमाणपत्र व प्रथमोपचार आणि ऑक्सिजन देण्याचे ज्ञान असावे लागते. नंतर त्याला ज्येष्ठ प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पाठ घ्यावे लागतात आणि परीक्षकासमोर वर्गात, जलतरण तलावात व उघड्या पाण्यात अध्यापन करून दाखवावे लागते. प्रमाणपत्राचे ठराविक मुदतीने नूतनीकरण होते. निव्वळ क्रीडाबुडीचा प्रशिक्षक या कामास अपुरा ठरतो, कारण दिसत नसलेल्या पाण्यात अडकलेली दोरी सोडविण्याचा अनुभव पुस्तकातून देता येत नाही. उलटपक्षी अनुभवी पाणबुड्या चांगला शिक्षक असेलच, असेही नाही. या दोन्ही गुणांची एकत्र परीक्षा घेणे हे प्रमाणनाचे खरे प्रयोजन आहे.

भारतातील स्थिती : भारतीय नौदलाचे पाणबुडे-विद्यालय कोची येथे आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ नुसार २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभारण्यात आले व त्याच्या पथकांत पाणबुड्यांचा समावेश असतो. महाड येथे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरील जुना पूल कोसळून राज्य परिवहनाच्या दोन बसगाड्या व अन्य वाहने वाहून गेली. त्या वेळी नौदल, तटरक्षक दल व प्रतिसाद दल यांनी पुराच्या गढूळ व वेगवान प्रवाहात अनेक दिवस शोध घेतला. खेडोपाडी मात्र कोणी बुडाल्यास आजही प्रथम धाव घेतात ते गावचे पट्टीचे पोहणारे, कोळी व भोई. प्रवाहाची व तळाची त्यांची जाण मोलाची असते. पण दोरी, राखीव हवा व तयार जोडीदार यांचे पाठबळ त्यांना क्वचितच मिळते. त्यांच्या या अनुभवाला पद्धतशीर शिक्षणाची जोड मिळाल्यास वाचविणाऱ्याचाच बळी जाण्याचे प्रसंग पुष्कळ अंशी टळू शकतील.